वास्तुकलेच्या शाळेचे दार आणि चित्रांची वही

काही वर्षांपूर्वी बारावीची परीक्षा दिलेला एक मुलगा कागदांची गुंडाळी काखेत मारून माझ्याकडे आला होता. त्याला आर्किटेक्ट व्हायचे होते. ज्या संस्थेत तो प्रवेश मागत होता, तिने मुलाखतीला येताना स्वतःच्या चित्रांचा संग्रह, म्हणजे ज्याला हल्ली सगळेच पोर्टफोलिओ म्हणतात तो, बरोबर आणण्यास कळवले होते. मी इतिहास शिकवणारा माणूस. चित्रातले मला काय कळणार? पण शहरात त्याच्या ओळखीचा मास्तर मी एकटाच होतो.

गुंडाळी उघडली. बर्फाचे डोंगर, तळ्यात पोहणारे हंस, लाल कौलांची विलायती बंगली. सगळी चित्रे कॅलेंडरांवरून उतरवलेली. रंग झकास भरले होते. पण त्यातले काहीएक त्या पोराने डोळ्यांनी पाहिलेले नव्हते. कागद पुन्हा गुंडाळू लागलो, तेव्हा एका कागदाच्या पाठीवर पेन्सिलीच्या रेघा दिसल्या. "हे काय रे?" मी विचारले. तो ओशाळला. "काही नाही, सर. वडिलांनी कांद्याची चाळ बांधायला काढली होती. सुताराला दाखवायला म्हणून काढलं होतं."

मी तो कागद खिडकीशी नेला. तळ जमिनीपासून हातभर उचललेला, म्हणजे खालून वारा शिरावा. बाजूच्या बांबूंमध्ये फटी किती, ते बोटांच्या मापाने लिहिलेले. पावसाची झड आत येऊ नये म्हणून पाखे बाहेर किती काढायचे, त्याचे दोन प्रयत्न, पहिला खोडलेला. आणि कडेला एक बाण : वारा इकडून येतो. मी त्याला म्हटले, "बाबा रे, हंस घरी ठेव आणि हा कागद घेऊन जा."

असे मी का म्हटले? चित्रकलेचे ज्ञान होते म्हणून नव्हे. ज्यांनी मोठमोठ्या इमारती उभ्या केल्या, ती माणसे शिकली कशी, त्यांना शाळेच्या दारात कोणी काय विचारले, याचा इतिहास थोडाफार वाचला होता म्हणून. तो इतिहास आज आपल्यापुढे मांडायचा आहे. घरात वा वर्गात असे एखादे मूल असेल, तर त्याला तो उपयोगी पडेल.

प्रथम आपण तेराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये जाऊ. आपल्याकडे देवगिरीवर सिंघण यादवाचे राज्य होते, साधारण त्याच काळातली ही गोष्ट. उत्तर फ्रान्समधल्या ओनकूर नावाच्या गावचा व्हिलार नावाचा एक माणूस होता. तो गवंडी होता, कारागिरांचा मुकादम होता की नुसताच चौकस प्रवासी, यावर विद्वानांचे एकमत नाही. पण त्याने एक वही मागे ठेवली. कातड्याची पाने, त्यांतली ३३ आज शिल्लक आहेत. त्यांवर दोन्ही बाजूंनी मिळून अडीचशेच्या आसपास चित्रे आहेत. ही वही पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जपून ठेवली आहे.

काय आहे त्या वहीत? चर्चचे तळनकाशे आहेत. पाण्याच्या जोरावर चालणारी करवत आहे. मांजर आहे, गोगलगाय आहे, सिंह आहे. भूमितीच्या युक्त्या आहेत. नदी न ओलांडता तिचा पाट किती रुंद ते कसे मोजावे, हेही त्यांत आहे. यांतल्या काही युक्त्या मागाहून दुसऱ्या हातांनी भरल्या, असे अभ्यासक सांगतात. म्हणजे वही एकाची राहिली नाही. ती कारागिरांच्या हातोहात फिरली.

त्यातले एक पान आपल्या शेतकरी बांधवांना विशेष आवडावे. लाँ नावाच्या गावी टेकडीवर मोठे चर्च आहे. त्याच्या मनोऱ्यांवरून दगडाचे बैल बाहेर डोकावतात. बांधकामाचा दगड ज्यांनी टेकडीवर ओढून नेला, त्या बैलांची ही आठवण, असे तिकडचे लोक मानतात. व्हिलारने तो मनोरा काढला, आणि बैल काढायला तो विसरला नाही. आपण पुष्कळ मुलूख हिंडलो, पण असा मनोरा कोठे पाहिला नाही, अशा अर्थाची नोंदही त्याने शेजारी केली. दुसऱ्या एका पानावर रँसच्या चर्चची खिडकी आहे. हंगेरीला जाण्याचे बोलावणे आले होते, आणि ही खिडकी सर्वांत आवडली म्हणून काढून घेतली, असे तो सांगतो.

आता यातली गंमत पाहा. व्हिलारचा मनोरा प्रत्यक्ष मनोऱ्याशी तंतोतंत जुळत नाही. त्याचा सिंह तर, जिवंत सिंह पाहून काढला असे तो लिहितो तरी, गोल तोंडाचा आणि माणसासारखा दिसतो! आजच्या एखाद्या ड्रॉइंग क्लासमध्ये त्याला फार गुण मिळाले नसते. तरीसुद्धा जवळजवळ ८०० वर्षे ती वही लोक का जपतात? कारण तिच्यात एक माणूस पाहताना दिसतो. कोठे गेलो, काय पाहिले, ते कसे उभे आहे, मला का आवडले, हे सारे त्या पानांवर आहे. पोर्टफोलिओ म्हणजे काय, असे कोणी मला विचारले, तर मी या वहीकडे बोट दाखवीन.

त्या काळी वास्तुकलेची शाळा नव्हती. मुलगा कारागिराच्या हाताखाली राही. दगड घडवता घडवता, ओळंबा धरता धरता शिके. आपल्याकडे पाथरवट आणि सुतार असेच शिकत आले. प्रवेशाची परीक्षा उस्ताद रोजच घेत असे.

शाळा आली ती पुढे. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या तीन वर्षे आधी, १६७१ साली, फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या अमदानीत पॅरिसला वास्तुकलेची राजमान्य अकादमी स्थापन झाली. राज्यक्रांतीच्या धामधुमीत अकादमी मोडली; पण शिकवणे चालू राहिले, आणि एकोणिसाव्या शतकात त्यातून एकोल दे बोझार नावाची जगप्रसिद्ध कलाशाळा उभी राहिली. अमेरिकेपर्यंतचे विद्यार्थी तेथे धडका मारू लागले. शाळेला फी जवळजवळ नव्हती, पण दार अतिशय अरुंद होते.

त्या दाराची रीत ऐकण्यासारखी आहे. प्रवेशासाठी गणित, भूमिती, हाताने काढायचे चित्र, मातीकाम, आणि या सर्वांवर वास्तुरचनेचा एक प्रश्न असे. त्यासाठी उमेदवाराला एका लहानशा खोपट्यात एकट्याने बसवीत. १२ तासांत इमारतीचा कच्चा आराखडा तयार करायचा. पुस्तक नाही, सोबती नाही. प्रवेश मिळाल्यावरही हीच पद्धत. स्पर्धेच्या आरंभी बंद खोलीत कच्चा आराखडा काढायचा, त्याची नक्कल जवळ ठेवून मूळ कागद शाळेला द्यायचा, आणि मग काही आठवडे खपून मोठे नकाशे रंगवायचे. शेवटचे काम मूळ कल्पनेपासून फार दूर गेले, तर ते बादच. मुदत संपली की विद्यार्थ्यांच्या कार्यशाळांतून नकाशे गोळा करीत एक हातगाडी निघे. गाडी रस्त्याने चालली आहे आणि पोरे धावत धावत शेवटच्या रेघा मारताहेत, असे वर्णन करतात. गाडीला फ्रेंचमध्ये शारेत म्हणतात. मुदतीआधीच्या धांदलीला जगभरचे वास्तुकलेचे विद्यार्थी अजून हाच शब्द वापरतात.

या रीतीत एक शहाणपण होते. पहिली कल्पना तुमची स्वतःचीच असली पाहिजे, आणि पुढे केलेले काम त्या कल्पनेशी प्रामाणिक राहिले पाहिजे. कच्च्या कागदाला तेथे किंमत होती. आपली मुले मात्र पहिला कागद चुरगाळून टाकतात आणि नुसते पक्के चित्र पुढे करतात!

पण दार राखणारा माणूस नेहमीच न्यायाने वागतो असे नाही. ज्यूलिया मॉर्गन या मुलीची कथा मला या दृष्टीने फार महत्त्वाची वाटते.

ज्यूलियाचा जन्म १८७२ साली अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे झाला. कॅलिफोर्निया विद्यापीठातून तिने १८९४ मध्ये सिव्हिल इंजिनिअरिंगची पदवी घेतली. बर्नार्ड मेबेक नावाचे वास्तुशिल्पज्ञ तिला मार्गदर्शन करीत. ते स्वतः पॅरिसच्या त्या शाळेत शिकलेले. त्यांनी तिला सांगितले, तू तिकडे जा. १८९६ साली ही मुलगी पॅरिसला पोहोचली. अडचण एवढीच की त्या शाळेत मुलींना प्रवेशच नव्हता. फ्रान्समधल्या स्त्री-कलावंत त्यासाठी झगडत होत्या. अखेर १८९७ मध्ये शाळेचे दार स्त्रियांना किलकिले झाले, आणि ज्यूलिया परीक्षेला बसली.

पहिल्या खेपेस पावणेचारशेच्या वर उमेदवारांत तिचा क्रमांक ४२ वा लागला. जागा पहिल्या ३० जणांनाच होत्या. गेली संधी. ती पुन्हा बसली. या वेळी तिचे काम उतरले होते. पण गुण हेतुपुरस्सर कमी करण्यात आले. तरुण मुलींना उत्तेजन देण्याची परीक्षकांची इच्छा नव्हती, हे कारण तिच्या कानावर आले, आणि तिने ते घरच्यांना पत्रातून कळवले. त्याच पत्रात तिने लिहिले की, आशा नसली तरी मी पुन्हा बसणार. मुली खचून जात नाहीत एवढे तरी त्यांना दिसू दे.

वाचकहो, क्षणभर आपण त्या मुलीच्या जागी बसून पाहा. परका देश, परकी भाषा, घरून पैसे येणार ते किती दिवस? आणि आपल्या कागदात दोष नाही, दोष आपण मुलगी असण्यात आहे, हे कळलेले. अशा वेळी माणूस कागद गुंडाळतो आणि गावची वाट धरतो. ज्यूलियाने तसे केले नाही. फ्रान्स्वा-बेंजामँ शोसमिश या नामांकित वास्तुशिल्पज्ञाच्या हाताखाली तिने आणखी तयारी केली आणि १८९८ साली ती तिसऱ्यांदा बसली. या वेळी तिचा क्रमांक १३ वा आला. आता मात्र तिला नाकारणे परीक्षकांना शक्य झाले नाही. त्या शाळेच्या वास्तुकला विभागात प्रवेश मिळवणारी ती पहिली स्त्री.

अडचणी एवढ्याने संपल्या नाहीत. वयाच्या तिसाव्या वर्षानंतर तेथे विद्यार्थी म्हणून राहता येत नसे. ज्यूलियाजवळ अवघी तीन वर्षे उरली होती. तिने एकामागून एक स्पर्धा दिल्या, गुण साठवले, आणि तिशी गाठता गाठता १९०२ मध्ये प्रमाणपत्र मिळवले.

पुढे? १९०४ साली कॅलिफोर्नियाचा वास्तुशिल्पज्ञाचा परवाना मिळवणारी ती पहिली स्त्री ठरली. त्याच साली ओकलंड येथील मिल्स कॉलेजात तिने आरसीसी काँक्रीटचा घंटाघर-मनोरा बांधला. काँक्रीट तेव्हा नवे होते; लोक साशंक होते. १९०६ च्या एप्रिलात सॅन फ्रान्सिस्कोला प्रचंड भूकंप झाला. शहर पडले, जळाले. पण पलीकडच्या ओकलंडचा तो मनोरा जागचा हलला नाही. मग तिच्याकडे कामांची रीघ लागली. आयुष्यात तिने सुमारे ७०० इमारतींची कामे केली. १९५७ साली ती वारली. अमेरिकेतील वास्तुशिल्पज्ञांच्या संस्थेने आपले सुवर्णपदक तिला दिले ते २०१४ साली, मृत्यूनंतर ५७ वर्षांनी. आणि हे पदक मिळालेली तीच पहिली स्त्री.

मी ही कथा सविस्तर सांगितली ती एवढ्याचसाठी. दोनदा मागे फिरवलेल्या कागदांच्या जुडीत काय होते, हे परीक्षकांना कळले नाही. १९०६ च्या भूकंपाला कळले. दारातला निकाल हा माणसाचा निकाल नव्हे. मूल एकदा नापास झाले की, "तुझ्या हातात कलाच नाही," असे आपण पटकन बोलून जातो. तसे बोलण्याआधी ज्यूलियाचा ४२ वा क्रमांक आठवावा.

पहिल्या महायुद्धानंतर आणखी एक पालट झाला. १९१९ साली जर्मनीत वायमार येथे वॉल्टर ग्रोपिअस यांनी बाउहाउस नावाची शाळा काढली. तेथे जुन्या नमुन्यांची नक्कल करण्यावर भर नव्हता. नव्या विद्यार्थ्याला आरंभी प्राथमिक वर्गातून जावे लागे. लाकूड, कापड, काच, तार, कागद असे पदार्थ त्याच्या हाती देत आणि म्हणत : याचा गुण ओळख, हा कोठे वाकतो, कोठे मोडतो, कशाने तोलतो. या वर्गात पारखल्यावरच विद्यार्थी पुढे जाई. जाहीरनाम्यात स्त्री-पुरुष भेद नाही असे म्हटले होते. प्रत्यक्षात बहुतेक मुलींना विणकामाकडेच वळवले गेले, हेही नमूद केले पाहिजे. १९३३ साली नाझी राजवटीच्या दडपणाखाली ही शाळा बंद पडली, आणि काही वर्षांनी ग्रोपिअस अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात शिकवू लागले.

तिथे त्यांच्यापुढे शिकायला बसलेला एक विद्यार्थी आपल्या कोकणातला होता. अच्युत कानविंदे यांचा जन्म १९१६ साली आचरे या गावी झाला. वडील चित्रकार, मुंबईत कलाशिक्षक. मुलाचा हात त्यांच्यामुळेच चित्रांकडे वळला. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये वास्तुकला शिकून, १९४५ साली सरकारच्या वतीने ते हार्वर्डला गेले. परत येऊन त्यांनी ज्या इमारती उभ्या केल्या, त्यांत कानपूरची आयआयटी आहे. आचऱ्याच्या लाल मातीतून निघालेली वाट ग्रोपिअसच्या वर्गापर्यंत जाते, हे आपल्या मुलांना सांगितले पाहिजे.

जे. जे. स्कूलची हकीकत पुष्कळांना ठाऊक असेल. सर जमशेटजी जीजीभाई यांनी त्यासाठी १८५३ मध्ये एक लाख रुपये दिले आणि १८५७ साली वर्ग सुरू झाले. वास्तुकलेचे शिक्षण तेथे विसाव्या शतकाच्या आरंभी आकाराला आले. १९२३ पासून १९४३ पर्यंत क्लॉड बॅटली हे इंग्रज गृहस्थ तेथे वास्तुकला विभागाचे प्रमुख होते. मुंबई सेंट्रल स्थानकाची इमारत त्यांचीच. पण शिक्षक म्हणून त्यांनी केलेले काम मला अधिक मोलाचे वाटते. ते विद्यार्थ्यांना जुन्या भारतीय वास्तू प्रत्यक्ष मोजायला लावीत. टेप धरायची, खांब मोजायचा, कोनाड्याची खोली घ्यायची, आणि प्रमाणात नकाशा काढायचा. विद्यार्थ्यांच्या अशा नकाशांच्या आधारे त्यांनी १९३४ साली भारतीय वास्तुरचनेवर पुस्तक प्रसिद्ध केले. ज्या देशाच्या मुलांना विलायती खांबांच्या नकला करायला शिकवीत, त्या देशाच्या मुलांना एका इंग्रजाने सांगितले की, तुमच्या दारातला खांब मोजा! याच शाळेतून १९३६ साली पेरीन मिस्त्री पदविका घेऊन बाहेर पडल्या. वास्तुकलेचे शिक्षण पुरे करणाऱ्या त्या भारतातल्या पहिल्या स्त्री मानल्या जातात.

आणि एक नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. बाळकृष्ण दोशी. १९२७ साली पुण्यात जन्म. घरात दोन पिढ्यांचा फर्निचरचा धंदा. म्हणजे गुण्या, रंधा आणि लाकडाचा वास यांत वाढलेला मुलगा. त्याला वास्तुकलेची वाट दाखवली ती शाळेतल्या एका शिक्षकाने. १९४७ साली तो जे. जे. मध्ये दाखल झाला. पुढे पॅरिसला जाऊन ल कॉर्ब्युझिए यांच्या कचेरीत राबला. आणि २०१८ साली प्रिट्झकर हे वास्तुकलेतले सर्वोच्च पारितोषिक मिळवणारा पहिला भारतीय झाला. २०२३ साली दोशी गेले. शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, या साऱ्या वैभवाच्या मुळाशी एका शाळामास्तराचे एक वाक्य आहे.

आज आपल्याकडे दाराची रीत पुन्हा बदलली आहे. २००६ सालापासून नाटा नावाची अभियोग्यता परीक्षा सुरू झाली. जेईई परीक्षेतही वास्तुकलेचा वेगळा पेपर असतो. नियम वर्षागणिक बदलतात, तेव्हा ते त्या त्या वर्षी नीट वाचून घ्यावेत. परदेशातल्या बहुतेक शाळा आणि आपल्याकडच्याही काही संस्था चित्रसंग्रह पाहतात. पण संग्रह मागोत वा न मागोत, वही भरलेली असणे केव्हाही चांगले. कारण परीक्षेच्या तीन तासांत हात जे करतो, ते त्याने आधी तीन वर्षे केलेले असते.

मग ही वही भरावी कशी? इतिहासाने जे शिकवले, तेच थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट, डोळ्यांसमोर असेल ते काढा. गावची चावडी, पिंपळाचा पार, बाजाराच्या दिवशी उभ्या राहणाऱ्या पालांच्या काठ्या, एसटीच्या थांब्यावर सावलीपुरती सरकत जाणारी माणसे. प्रत्येक कागदावर तारीख आणि ठिकाण घाला, आणि व्हिलारप्रमाणे एखादी ओळ लिहा : हे मी का काढले.

दुसरी गोष्ट, मोजा. आपले घरच घ्या. ओसरी किती लांब, माजघराचे दार किती उंच, पायरी किती इंचांची? एक मीटरला दोन सेंटिमीटर असे प्रमाण धरले, तर साधे घर वहीच्या मोठ्या पानावर मावते. आधी तळनकाशा काढा. मग घर मधोमध कापले तर आतून कसे दिसेल, तो छेद काढा. छप्पर कशावर बसले आहे, हे छेद काढल्यावाचून कळत नाही. एक दिवस घरी येणाऱ्या गवंड्याबरोबर किंवा सुताराबरोबर बसा. त्याला जे ठाऊक असते, ते पुस्तकात शोधायला फार वेळ लागतो.

तिसरी गोष्ट, हाताने काहीतरी करा. दिवाळीचा किल्ला आपली मुले करतातच. तो करण्याआधी त्याचा आराखडा काढा, केल्यावर तो कोठे ढासळला, का ढासळला, ते लिहा, फोटो घ्या. पोळ्याचा मातीचा बैल, घरी केलेला आकाशकंदील, पुठ्ठ्याचे घर, आईने शिवलेल्या गोधडीची रचना मोजून काढलेला नकाशा, हे सारे संग्रहात शोभते. पैसे लागत नाहीत.

चौथी गोष्ट, कच्चे कागद टाकू नका. खोडलेली रेघही ठेवा. पाहणाऱ्या जाणत्या माणसाला तुमचा विचार कोठून कोठे गेला, हे तिच्यावरूनच दिसते. माझ्या त्या विद्यार्थ्याचे खोडलेले पाखे मला म्हणूनच आवडले.

पाचवी गोष्ट निवडीची. पन्नास कागद असतील तर त्यांतले पंधरा-वीसच न्या. तीच तीच चीज दोनदा नको. सर्वांत चांगले काम आरंभी आणि त्याच्या खालोखालचे शेवटी ठेवा. कागद एका मापाचे, स्वच्छ, नावानिशी लावलेले असावेत. संस्थेने पाने किती, माप काय, हे सांगितले असेल, तर त्यात काडीचाही फरक करू नये.

आणि शेवटची, पण सर्वांत कडक गोष्ट : दुसऱ्याचे काम आपले म्हणून देऊ नका. क्लासमध्ये मास्तरांनी सुधारून दिलेले, मोठ्या भावाने रंगवलेले किंवा संगणकाकडून तयार करून घेतलेले चित्र दिसायला सुबक असते, पण मुलाखतीत "ही खिडकी इथेच का ठेवलीस?" एवढे विचारले की त्याचे पितळ उघडे पडते. कोणाची मदत घेतली असेल, तर तसे खाली लिहावे. त्यात कमीपणा नाही.

शिक्षकांनाही एक विनंती आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षांना आपण मुले बसवता, ते चांगलेच आहे. पण मुलाची वाकडी रेघ आपल्या हाताने सरळ करण्याचा मोह आवरा. त्याऐवजी एखाद्या रविवारी चार मुले, एक टेप, एक दोरी आणि एक ओळंबा घेऊन गावची जुनी बारव किंवा पडायला आलेला वाडा मोजायला न्या. पायऱ्या किती, कमान कोणत्या दगडाची, तुळई कोठल्या लाकडाची, ते मुलांना लिहू द्या. आत उतरण्याआधी जागा भक्कम आहे ना, हे मात्र आपण स्वतः पाहा. खेड्यापाड्यांतले वाडे पावसागणिक ढासळत आहेत. त्यांतल्या बहुतेकांचा नकाशा कोणापाशीही नाही. तुमच्या मुलांनी काढलेला कागद त्या वास्तूची अखेरची नोंद ठरू शकतो, आणि त्याच कागदावरून त्यांतल्या एखाद्याला पुढची वाट सापडू शकते.

तो कांद्याच्या चाळीचा कागद मुलाखतीत दाखवला का, असे मी त्या मुलाला नंतर विचारले होते. तो म्हणाला, "दाखवला, सर. पंधरा मिनिटं सगळे त्याच्यावरच बोलत होते. त्यांच्यातल्या एकांनी विचारलं, कांदा किती दिवस टिकला?"

"मग, काय सांगितलंस?"

"खरं तेच सांगितलं. एका बाजूचा सडला. फटी कमी पडल्या. पुढच्या वर्षी वाढवल्या."